तिथी पाहून समुद्रावर जाणाऱ्या बाईचं उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वय ३३, घाटकोपरला वन-बीएचके, घरात आईवडील, बायको आणि तीन वर्षांची मुलगी. नोकरी बीकेसीला. गेल्या दीड वर्षात युकुलेले, बोन्साय आणि कॅलिग्राफी असे तीन छंद धरले आणि तिन्ही सुटले. युकुलेले कपाटावर आहे, बोन्साय मेलं, शाईच्या बाटल्या मुलीच्या हाती लागल्या. आता तुम्हाला ‘जगावेगळा’ छंद हवाय. त्याने घरातली जागा खाऊ नये, पैसा खाऊ नये आणि रविवारच्या सकाळच्या दोन तासांत तो बसावा. वर घरचे विचारतात, ‘यातून मिळतं काय?’

जगावेगळे छंद मुंबईत पोत्याने आहेत. फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून अंतर मोजून इंग्रजांनी बसवलेले मैलाचे दगड हुडकत हिंडणारी माणसं आहेत. कुणी वीरगळांच्या, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांच्या, मागे असतं. बोरिवलीला एक्सरचे वीरगळ आहेत, त्यांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे. ती पाहायला दूरदूरचे अभ्यासक येतात आणि एक्सरमधल्याच कित्येकांना पत्ता नसतो. काही जण हॅम रेडिओवाले, म्हणजे हौसेने बिनतारी यंत्रावर दूरच्यांशी बोलणारे, असतात. त्यासाठी परीक्षा देऊन सरकारी परवाना काढावा लागतो आणि मग अँटेनासाठी सोसायटीच्या सेक्रेटरीशी गोड बोलावं लागतं, जे परीक्षेपेक्षा अवघड. आगपेट्यांची चित्रं, बसची जुनी तिकिटं, कबुतरं. यादी हवी असेल तर एवढी पुरे.

पण तुमची अडचण यादीची नाहीच. तुम्ही धरलेले तिन्ही छंद कधीही करता येण्यासारखे होते. जे कधीही करता येतं ते आज करायची गरज नसते. युकुलेले कपाटावरून कुठे जात नाही, म्हणून ते कपाटावरच राहतं. तुमच्या चिकाटीत खोट आहे असं मला वाटत नाही. बीकेसीहून रात्री आठला घरी येणाऱ्या माणसाकडे संध्याकाळी चिकाटी उरतच नाही, त्याला काय करणार? तुम्हाला असा छंद लागेल ज्याचं स्वतःचं वेळापत्रक आहे आणि जो तुमच्यासाठी थांबणार नाही. गाडी सुटेल म्हटलं की आपण मुंबईकर धावतो.

म्हणून माझाच छंद सांगते. गेली बारा-तेरा वर्षं मी ओहोटीला उघड्या पडलेल्या किनाऱ्यावर फिरते आणि तिथे जे जिवंत असतं ते बघते. पोटासाठी विम्याच्या कचेरीत आहे, राहायला माहीमला. जीवशास्त्र बारावीनंतर सोडलं. घरी याला ‘आईचं चिखलात जाणं’ म्हणतात.

आधी वेळापत्रक. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, हे शाळेत झालंय. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप मागेही जातं. अष्टमी-नवमीच्या आसपास भांगाची असते, तेव्हा पाणी धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही. आपल्याला हवी ती उधाणाची ओहोटी, कारण एरवी पाण्याखाली असणारा खडक तेव्हाच उघडा पडतो. वांद्र्याच्या खडकांवर कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढायला येणाऱ्या एक मावशी होत्या. पहिल्या वर्षी मी चुकीच्या दिवशी जाऊन नुसतं पाणी बघत उभी होते. त्या म्हणाल्या, “भांगावर काय शोधतेस बाय? उधाणाला ये.” मग त्यांनी हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, तो भरतीचा तास. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीन या सुमाराला भरती. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. द्वितीयेला दीडची भरती, म्हणजे पावणेआठच्या आसपास ओहोटी, सकाळी एक आणि रात्री एक. किनाऱ्यावरची माणसं कोणतंही अ‍ॅप नसताना हेच करत आली. पडताळायला भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं आहेतच, त्यात मुंबईसाठी अपोलो बंदरच्या वेळा असतात. तिथीचा हिशेब त्यापासून अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो. त्यामुळे बेत तिथीवर आखायचा आणि घड्याळ कोष्टकावर लावायचं.

कोष्टकात वेळेशेजारी उंची मीटरमध्ये असते. ओहोटीची उंची ०.६ मीटरच्या खाली असेल तरच मी घर सोडते. त्याच्या वर असेल तर जाणं फुकट असं नाही, पण दिसेल ते वरच्या पट्ट्यातलं, आणि तो पट्टा तुमचा चार फेऱ्यांत पाठ होतो. दिवसाच्या दोन ओहोट्याही सारख्या नसतात, एक जास्त खोल जाते. ती रात्रीची निघाली की आपण हळहळायचं आणि झोपायचं.

आता तुमचा रविवार. पंधरवड्यातून चारेक दिवस ओहोटी चांगली लागते, तीही सकाळी उजेडात हवी, आणि वर तो दिवस रविवार हवा. म्हणजे दर रविवारी हा छंद होणार नाही, काही महिन्यांत तर एकदाही नाही. तुम्हाला ही अडचण वाटेल. माझ्या मते तुमच्यासाठी हीच खरी सोय आहे. ज्या रविवारी जमतं तो कॅलेंडरवर महिनाभर आधी दिसतो, घरात सांगून ठेवता येतो, आणि तो चुकला तर पुढचा कधी हेही दिसतं. इतक्या वर्षांत आळसाने चुकवलेली ओहोटी मला आठवत नाही. लग्नकार्यांमुळे चुकलेल्या सगळ्या आठवतात.

माझं उत्तर कुठे लागू पडणार नाही तेही सांगते. गुडघ्याचं दुखणं असेल, तोल जात असेल, तर खडक सोडा आणि वाळूवरच राहा. मुलीला न्यायचं असेल तरी वाळूच. सकाळी साडेसहाला घर सोडणं घरच्यांना परवडणार नसेल तर संध्याकाळच्या ओहोट्या शोधाव्या लागतील, आणि अंधार पडायच्या आत बाहेर यायला हवं. जून ते सप्टेंबर मी खडकांवर पाय ठेवत नाही. लाट मोठी, खडक निसरडा, पाण्यात गटाराचं पाणी. त्या चार महिन्यांत वाळूवर वाहून आलेलं बघते. पावसाळी वाऱ्यांबरोबर जुहू-गिरगावला निळ्या फुग्यासारखे जीव येऊन पडतात, त्यांना ब्लू बॉटल म्हणतात. दिसायला खेळण्यातले, पण त्यांचे लांब धागे मेल्यावरही डंख मारतात. मुलगी बरोबर असेल तर हात घट्ट धरा.

तुम्ही घाटकोपरचे म्हणून सांगते, तुमच्यासाठी सोपी सुरुवात जुहू किंवा वर्सोवा. मेट्रोने एका दमात पलीकडे, पुढे रिक्षा. जुहूला काय बघायचं, भेळ खाऊन कंटाळा आलाय, असं म्हणाल. ओहोटीला ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांच्या रांगा दिसतात. एका भोकापासून सगळीकडे पसरलेल्या, रांगोळीसारख्या. ते काम नखाएवढ्या खेकड्यांचं. ते वाळू तोंडात घेतात, तिच्यातलं खाण्याजोगं चाटून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. पुढच्या भरतीला सगळं पुसलं जातं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. मी जुहूवर लहानपणापासून जात होते आणि ही रांगोळी मी पस्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिली.

तिथेच शिंपले उचलून बघा. काहींना वरच्या टोकाशी गोल, तिरप्या कडेचं भोक असतं, गिरमिटाने पाडावं इतकं सुबक. आपण लहानपणी दोरा ओवायला आयतं म्हणून असे शिंपले वेचायचो. ते भोक चंद्रगोगलगाय म्हणावी अशा एका मांसाहारी गोगलगायीने पाडलेलं असतं. ती शिंपल्याला मिठी मारते, कवच खरवडत भोक पाडते आणि आतला जीव खाते. म्हणजे आपली माळ ही एका खुनाच्या मालिकेचा पुरावा होती. आणि वाळूतून वर आलेली, शिंपल्यांचे तुकडे चिकटवलेली नळी दिसली तर उपटू नका. आत एक किडा राहतो आणि ती सजावट त्याने स्वतः केलेली आहे.

खडक म्हणजे वांद्र्याचं बँडस्टँड, कार्टर रोड, मलबार हिलच्या पायथ्याचा किनारा. हा बहुतेक काळा बेसॉल्ट, दख्खनच्या पठाराचाच, सहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्याच्या खळग्यांत ओहोटीला पाणी अडकून राहतं आणि त्या पाण्यात सगळी मजा. पहिल्या वेळी तुम्हाला काहीही दिसणार नाही, हे लिहून देते. शेवाळ, काळा दगड आणि दुधाची पिशवी. अर्धा तास एकाच खळग्यापाशी उकिडवं बसलं की शंख चालायला लागतात. चालतो तो शंखातला गोगलगायीसारखा जीव नसतो, शंख भाड्याने घेतलेला संन्यासी खेकडा असतो. त्याचं मागचं अंग मऊ, त्याला स्वतःचं कवच नसतं, म्हणून रिकामा शंख शोधून त्यात राहतो. वाढला की मोठी जागा बघतो. मोठा शंख रिकामा झाला की कधीकधी लहानमोठे खेकडे रांग लावतात आणि एकाने सोडलेल्या खोलीत दुसरा शिरतो. मुंबईच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला लागत नाही.

यावरून माझी एक लाजिरवाणी गोष्ट. पहिल्या वर्षी मी शंख गोळा करायचे. बिस्किटांच्या डब्यात पन्नासेक झाले होते. चौथ्या दिवशी घरभर असा वास सुटला की शेजारच्या काकू विचारायला आल्या. दोन शंखांत खेकडे होते. मी बघायला हवं होतं, बघितलं नव्हतं. तेव्हापासून रिकामा शंखसुद्धा उचलत नाही, कारण तो कुणाची तरी पुढची खोली असतो. तुमच्या वन-बीएचकेलाही हे सोयीचं. या छंदात घरी फक्त वही आणि फोटो येतात.

मला सगळ्यात आवडतो तो जीव म्हणजे समुद्री गोगलगाय, बिनकवचाची. बोटाच्या पेराएवढी, कधी त्याहून लहान. त्यांतली एक हिरवी जात शेवाळातला रस शोषते, पण शेवाळातली हरितलवकं पचवून टाकत नाही, अंगात साठवून ठेवते, आणि ती तिथे काही काळ चालू राहतात. म्हणजे प्राणी असून अंगात पानाचा कारखाना. ही मी वाचली आधी आणि पाहिली तीन वर्षांनी, कार्टर रोडला, मागे माणसं जॉगिंग करत होती. पाय सुन्न होईपर्यंत बसून राहिले.

हाजी अलीचा किनारा पूर्वी आम्हा लोकांची पंढरी होती. किनारी रस्त्याच्या कामात त्यातला मोठा भाग गेला किंवा बदलला. हाजी अली आणि वरळीकडचे प्रवाळ २०२० मध्ये परवानगी घेऊन दुसरीकडे हलवावे लागले. मुंबईच्या किनाऱ्यावर प्रवाळ आहे हे बऱ्याच जणांना त्या बातमीमुळेच कळलं. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, जिवंत असो वा मेलेलं, तोडून घरी आणणं गुन्हा आहे. रस्त्याबद्दल माझं मत विचाराल तर मी त्या रस्त्यावरून दोनदा गेले आणि दोन्ही वेळा खिडकीतून खाली बघत होते. एवढंच सांगते.

सुरक्षेचं मात्र सविस्तर सांगते, कारण इथे मी चुकले आहे. दुसऱ्या वर्षी बँडस्टँडला ओहोटीची वेळ बरोबर वाचली, पण परतायची ठरवली नाही. एक ऑक्टोपस दिसला होता, रंग बदलत होता, मी अडकले. पाणी समोरून येईल आणि दिसेल अशी माझी समजूत. ते आलं मागून. मी होते तो खडक उंच होता आणि माझ्या व किनाऱ्याच्या मधली घळ सखल, ती आधी भरली. कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर आले, फोन गेला, पायाला दोन टाके पडले. चूक सगळी माझी. पाणी पहिल्या तासात हळू चढतं आणि तिसऱ्या-चौथ्या तासात झपाट्याने, म्हणून माणूस फसतो. तेव्हापासूनचा नियम असा: ओहोटीच्या वेळेच्या तास-दीड तास आधी उतरायचं, पाण्याबरोबर मागेमागे जायचं, आणि ओहोटीची वेळ झाली की पाठ फिरवायची. समोर काहीही असो. फोनवर गजर लावा, कारण समोर नक्की काहीतरी असतं. आणि पहिलं वर्षभर तरी एकटे जाऊ नका.

पायात चप्पल नको, गमबूट तर नकोच, पाणी भरलं की पाय उचलत नाही. पावसाळ्यात आपण घालतो ते बंद प्लास्टिकचे बूट किंवा जुने, तळ न झिजलेले कॅनव्हासचे. खडकावरची कालवं आणि बार्नेकल (खडकाला चिकटून राहणारे टणक कवचाचे छोटे जीव) ब्लेडसारखी कापतात. धनुर्वाताचं इंजेक्शन डॉक्टरांना विचारून वेळेवर घेऊन ठेवा. उथळ गढूळ पाण्यातून जाताना पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत न्या, म्हणजे तळाशी पडलेलं पाकट, शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, आधीच सटकतं. २०१३ मध्ये गणेशविसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर पाकटांनी बऱ्याच जणांना डंख मारले होते, तेव्हा ही ऐकीव भीती नाही. पाकट लागलंच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवायचा आणि थेट डॉक्टर गाठायचा. शंकूच्या आकाराचा नक्षीदार शंख कितीही सुंदर असला तरी हातात घ्यायचा नाही, त्यातल्या काही जातींचा डंख माणसाच्या जिवावर बेतू शकतो. थोडक्यात, हात पाठीमागे बांधून बघायचं. दगड उलटलात तर तसाच परत ठेवा, खाली कुणाचं तरी छप्पर असतं.

खर्च म्हणाल तर बूट, वही, पेन्सिल आणि रिक्षा. फोनचा कॅमेरा पुरतो. भिंग असेल तर मजा दुप्पट. नावं कळत नाहीत म्हणून अडू नका. फोटो आयनॅचरलिस्टवर, म्हणजे जीव ओळखून देणाऱ्या संकेतस्थळावर, टाकलात की जाणकार ओळखून देतात, कधी तासाभरात, कधी वर्षभराने. मुंबईत २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ नावाचा उपक्रम आहे, ते किनाऱ्यावर लोकांना घेऊन फिरतात. पहिली फेरी त्यांच्याबरोबर केलीत तर माझी तीन वर्षं तुमच्या एका सकाळीत वाचतील. वहीत मात्र स्वतः लिहा: तारीख, तिथी, ओहोटीची उंची, जागा, काय दिसलं. आणि काय दिसलं नाही तेही. माझ्या वहीत एका खळग्याची नऊ वर्षांची नोंद आहे. २०१६ मध्ये तिथे समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे, खडकाला चिकटलेले प्राणी) होती, मग दोन वर्षं नव्हती, मग परत आली. कारण मला माहीत नाही, पण हे आणखी कुणी लिहून ठेवलेलं असेल असंही मला वाटत नाही.

कालवं काढणाऱ्या, जाळी लावणाऱ्या कोळ्यांच्या वाटेत येऊ नका. आपला रविवार तो त्यांचा कामाचा दिवस. विचारलंत तर सांगतात, आणि पुस्तकात नसतं ते सांगतात. फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका.

राहिला घरच्यांचा प्रश्न, मिळतं काय? माझे सासरे पाच वर्षं हेच विचारायचे. मी उत्तर शोधायचे आणि कुठलंच पटायचं नाही. एकदा तृतीयेला सकाळी त्यांना बरोबर नेलं, दादरच्या चौपाटीवर, खडकबिडक काही नाही. ते काठी टेकून वाळूतल्या एका भोकाकडे बघत उभे राहिले, खेकडा बाहेर येईना. मी म्हटलं चला. ते म्हणाले, थांब, येईल आता. परत विचारलं नाही.

तेव्हा पुढची शुक्ल किंवा कृष्ण द्वितीया-तृतीया कोणत्या शनिवार-रविवारी पडते ते आजच भिंतीवर बघा आणि कोष्टकातली उंची ताडून घ्या. सकाळी सातच्या आत जुहूला पोचा, मुलीला बरोबर घ्या. वाळूच्या गोळ्यांची रांगोळी सापडली की तिच्यापासून दोन हातांवर बसा. चालू नका, बोट दाखवू नका, सावली भोकावर पडू देऊ नका. ते खेकडे पायांची थरथर ओळखून आत पळतात. पाच-सात मिनिटं काहीच होणार नाही आणि तीन वर्षांचं पोर तेवढं बसणार नाही, म्हणून तिच्या हातात खाऊ द्या. मग आधी लांबची भोकं हलतील, जवळची सगळ्यात शेवटी.